चौरस फुटाने मोजलेले राजकारण : रत्नागिरीतील एका फ्लेक्स-दुकानाचे परीक्षण

रत्नागिरीचे राजकारण समजून घ्यायचे असेल तर सभा, मेळावे आणि वृत्तवाहिन्यांच्या नादी न लागता माळनाक्याच्या आसपास असलेल्या एका फ्लेक्सछपाईच्या दुकानात जाऊन बसावे, असे माझे गेल्या काही महिन्यांत ठाम मत झाले आहे. दुकानाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. मालकाचे गिऱ्हाईक सर्व पक्षांत आहे, आणि एकाने केलेली स्तुती दुसऱ्याला झोंबावी असे सध्याचे दिवस आहेत. ज्यांना फलक करून घ्यायचा असतो त्यांना हे दुकान ठाऊक असतेच, आणि ज्यांना फलक करून घ्यायचा नसतो ते या शहरात आता फारसे उरलेले नाहीत.

आमचे काम अगदी साधे होते. शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी वाडीत घरोघरी फिरते, आणि ती कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, कोणाच्या अंगणात येणार याचे वेळापत्रक पूर्वी देवळाच्या खांबावर हाताने लिहून चिकटवले जाई. मुंबईकर मंडळींना व्हॉट्सॲपवर त्याचा फोटो पाठवता यावा आणि रजा कधी टाकायची हे त्यांना वेळेत कळावे, म्हणून यंदा दहा बाय सहा फुटांचा फलक करावा असे बैठकीत ठरले. खर्च उचलायला वाडीतील एक होतकरू पुढारी स्वतःहून पुढे आले, आणि फुकटच्या उदारपणाची किंमत कधी ना कधी मोजावी लागते हे ठाऊक असूनही बैठकीने टाळ्या वाजवल्या.

गाळा फार मोठा नाही. दर्शनी भागात दोन संगणक, मध्ये काचेची भिंत आणि तिच्या पलीकडे दहा फूट रुंदीचे छपाईयंत्र आहे. यंत्र सुरू असले की शाईतील सॉल्व्हंटचा वास थेट डोक्यात चढतो, तेव्हा ज्यांना अर्धशिशीचा त्रास आहे त्यांनी रस्त्यालगतच्या बाकावर बसलेले बरे. मात्र यंत्र चालताना पाहण्यासारखे असते. छपाईचे डोके डावीकडून उजवीकडे सरकते, परत येते, आणि प्रत्येक फेरीला पुढाऱ्याचा एकेक पट्टा पांढऱ्या कापडावर उतरत जातो : आधी केस, मग कपाळ, मग काळा चष्मा, मग मिशी, मग गळ्यातील उपरणे. जोडलेले हात सर्वांत शेवटी येतात. मोठा फलक असेल तर त्याला इतका वेळ लागतो की बाकावर बसलेल्या कार्यकर्त्याचा दुसरा चहा होऊन जातो.

संगणकावर बसणारा मुलगा पंचविशीच्या आसपासचा आहे आणि माझ्या मते शहरातील राजकारणाचा सर्वांत मुरलेला अभ्यासक तोच आहे. फलकाची मांडणी करण्याचे कोरल ड्रॉ हे सॉफ्टवेअर उघडून त्याने पहिला प्रश्न विचारला तो असा : ‘काका, देवी मोठी ठेवायची की साहेब, ते आधी ठरवा. मागाहून साहेबांना लहान केलं की ते मला फोन करतात, देवी करत नाही.’ त्यानंतर त्याने मला जे समजावून सांगितले, ते कोणत्याही राज्यशास्त्राच्या पुस्तकात मिळणार नाही. फलकाच्या माथ्यावर श्रद्धास्थाने, त्यांच्याखाली दिल्लीचे नेते, मग मुंबईचे, मग पालकमंत्री, आमदार, जिल्हाप्रमुख, तालुकाप्रमुख, विभागप्रमुख आणि तळाशी तिकिटांसारख्या चौकटींत शुभेच्छुकांची रांग, हा क्रम सर्वांना पाठ असतो. भांडण क्रमावरून सहसा होत नाही, ते आकारावरून होते. तालुकाप्रमुखाचे डोके जिल्हाप्रमुखापेक्षा अर्धा इंच मोठे छापले गेले तर रात्री फलक उतरवून सकाळी दुसरा लावावा लागतो. त्यामुळे या मुलाने प्रत्येक पदासाठी चौकटींची मापे कायमची ठरवून ठेवली आहेत, आणि कोणी वाद घातला की तो पदाचे पत्र मागतो. पक्षांच्या कार्यालयांत इतकी शिस्त मी पाहिलेली नाही.

पक्षफुटीचा सर्वाधिक त्रास कोणाला झाला असेल तर तो या मुलाला. जून २०२२ पर्यंत त्याच्याकडे ‘शिवसेना’ नावाचे एकच फोल्डर होते. त्यानंतर दोन झाली, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने पक्षाचे नाव व धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या बाजूला दिल्यावर धनुष्यबाण एका फोल्डरात आणि उद्धव ठाकरे यांच्या पक्षाची मशाल दुसऱ्या फोल्डरात अशी कायमची वाटणी झाली. बाळासाहेब ठाकरे यांचे छायाचित्र मात्र दोन्हीकडे आहे. तो म्हणतो की दोन्हीकडची मंडळी त्याच मुद्रेचे, त्याच रुद्राक्षमाळेचे छायाचित्र मागतात. राष्ट्रवादीची गत तीच : जुलै २०२३ ला घर फुटले, पुढल्या फेब्रुवारीत घड्याळ अजित पवार यांच्या पक्षाकडे गेले आणि शरद पवार यांच्या पक्षाच्या वाट्याला तुतारी वाजवणारा माणूस आला. तो बारीक आकारात छापला की नेमका काय वाजवतो आहे ते दिसत नाही, अशी छपाईवाल्यांची रास्त तक्रार आहे. दक्षिणेकडच्या सिंधुदुर्गात तर २०२४ च्या विधानसभेला दोन सख्खे भाऊ शेजारच्या दोन मतदारसंघांतून निवडून आले, नितेश राणे कणकवलीतून कमळावर आणि निलेश राणे कुडाळमधून धनुष्यबाणावर, आणि वडील नारायण राणे त्याच वर्षी कमळावर रत्नागिरी-सिंधुदुर्गचे खासदार झाले होते. अशा घराण्याचा दिवाळीच्या शुभेच्छांचा फलक काढायचा झाल्यास पार्श्वभूमीला कोणता रंग घ्यावा, हा प्रश्न मी त्या मुलाला सहज विचारला. त्याने क्षणभरही विचार न करता ‘ग्रेडियंट’, म्हणजे एका रंगातून हळूहळू दुसऱ्या रंगात जाणारी छटा, असे उत्तर दिले.

या साऱ्यामुळे दुकानात एक चांगली प्रथा पडली आहे. फाइल यंत्राकडे जाण्यापूर्वी मालक स्वतः उठून येतो, चष्मा कपाळावरून नाकावर घेतो आणि चिन्ह तपासतो. चुकीच्या माणसाच्या डोक्यावर चुकीचे चिन्ह गेले तर नुसते कापड वाया जात नाही, दुकानाची काचही जाऊ शकते, हे तो ओळखून आहे. शुद्धलेखन मात्र तपासले जात नाही. गेल्या वर्षभरात या दुकानातून बाहेर पडलेल्या ‘हार्दीक’ शुभेच्छा एकापुढे एक टांगल्या तर त्या जयस्तंभापासून मारुती मंदिरापर्यंत सहज पोहोचतील. आमच्या फलकावर ‘पालखी’ नीट आली, पण ‘वेळापत्रक’ सुधारून घ्यावे लागले. तेव्हा मजकूर स्वतः टंकलिखित करून, तोही युनिकोडमध्ये, पेनड्राइव्हवर नेणे आणि छपाईपूर्वी पडद्यावर शब्द न् शब्द वाचणे गिऱ्हाइकाच्या हिताचे आहे.

दुकानाची खरी कसोटी लागली ती गेल्या डिसेंबरात. रत्नागिरी, चिपळूण, खेड, राजापूर या नगरपरिषदा आणि लांजा, देवरूख, गुहागर या नगरपंचायती यांचा कारभार दीर्घ काळ प्रशासकांच्या हाती होता. रत्नागिरीत २०१६ च्या अखेरीस निवडून आलेल्या सदस्यांची मुदत संपल्यावर चार वर्षांच्या आसपास निवडणूकच झाली नाही. नगरसेवक नव्हते, पण ‘भावी नगरसेवक’ भरपूर होते, आणि वाढदिवस काही न्यायालयीन स्थगितीसाठी थांबत नाहीत. सलग चार वाढदिवस ‘भावी’ राहिलेले गृहस्थ या दुकानाने पाहिले आहेत. दरवर्षी त्यांच्या छायाचित्रातील केस अधिकाधिक काळे होत गेले, असे मालकाचे निरीक्षण आहे.

अखेर २ डिसेंबर २०२५ रोजी मतदान झाले. मतमोजणी दुसऱ्याच दिवशी व्हायची होती, म्हणून मालकाने कापडाचे जादा रोल आणून ठेवले होते, रात्रपाळीला एक माणूस वाढवला होता आणि एकाच प्रभागातील परस्परविरोधी उमेदवारांच्या विजयाचे फलक संगणकावर तयार करून घेतले होते. मताधिक्याचा आकडा तेवढा कोरा होता. परंतु राज्यात काही ठिकाणचे मतदान २० डिसेंबरवर गेले असल्याने सगळीकडची मोजणी एकत्र २१ डिसेंबरला घ्यावी, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मतदानाच्याच दिवशी सांगितले. मतदानयंत्रे कुलुपात गेली, आणि जवळजवळ तीन आठवडे विजयाचे फलक या दुकानाच्या संगणकात पडून राहिले. प्रतिस्पर्ध्याच्या फलकावर नेमके काय लिहिले आहे, ‘प्रचंड’ आहे की ‘ऐतिहासिक’, हे पाहायला कार्यकर्ते काही ना काही निमित्त काढून येत असत. कोणी लॅमिनेशनची चौकशी करी, कोणी व्हिजिटिंग कार्डाची. मालकाने शेवटी त्या फोल्डरला पासवर्ड घातला आणि तो त्या मुलालाही सांगितला नाही. सुरक्षित कक्षाबाहेर राजकीय पक्षांचे प्रतिनिधी पहारा देत बसले होते हे आपण वर्तमानपत्रांत वाचले. या गाळ्याबाहेर कोणीही बसले नव्हते, तरी येथून काहीही फुटले नाही, याची नोंद या परीक्षणात झालीच पाहिजे.

२१ तारखेच्या संध्याकाळी जे फलक छापले गेले ते छापले गेले, आणि ज्यांची गरज उरली नाही त्यांची आगाऊ रक्कम डिझाइनचे पैसे कापून परत करण्यात आली. राजकारणाशी संबंधित व्यवहारात परत आलेले पैसे मी प्रथमच ऐकले. पडलेल्यांपैकी काहींनी त्याच रकमेत ‘मतदारांचे जाहीर आभार’ असा लहान फलक करून घेतला. मला तो प्रकार विजयाच्या फलकांपेक्षा अधिक सुसंस्कृत वाटला, आणि त्यांच्या छपाईत रंगही अधिक संयमाने वापरलेले दिसले.

आता मूळ मालाविषयी. दुकानात साधे आणि ‘स्टार’ असे दोन प्रकारचे कापड मिळते. साध्याचा दर आम्हाला चौरस फुटाला पंधरा रुपये लागला, म्हणजे साठ चौरस फुटांचे नऊशे झाले. लाकडी चौकट, कडांच्या रिंगा आणि डिझाइन यांचे वेगळे. दर रास्त आहे. चेहऱ्यांचा रंग मात्र येथे सरसकट दोन छटा उजळ केला जातो, आणि न सांगता केला जातो. आमच्या देवीचे रूपे, म्हणजे पालखीतला मुखवटा, तोसुद्धा या सवयीने इतका चकाकला होता की गुरवांनी फलक पाहून हा आपलाच का, असे विचारले. रंग पूर्ववत करायला सांगितल्यावर त्या मुलाने मुकाट्याने केले, पण साहेबांचा उजळपणा काढू का, असे विचारल्यावर आमच्यातील कोणाचीही हो म्हणण्याची छाती झाली नाही.

चौकटीचे काम उत्तम. मांडवी, मिऱ्या आणि भाट्ये या बाजूंना समुद्रावरचा वारा दुपारनंतर असा सुटतो की साधा ताणलेला फलक शिडासारखा फुगतो आणि बांबूसकट आडवा होतो. येथे कापडावर ठरावीक अंतरावर अर्धचंद्राच्या आकाराच्या चिरा देतात, म्हणजे वारा आरपार निघून जातो. त्या चिरा चेहऱ्यावर येणार नाहीत याची काळजी घेतात, मजकुरावर आल्या तरी चालतात. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरला एकशेवीस बाय एकशेवीस फुटांचा जाहिरातफलक वादळी वाऱ्यात पेट्रोलपंपावर कोसळून १७ माणसे गेली, त्यानंतर दहा फुटांपेक्षा उंच कमान लोखंडी आधाराशिवाय आपण घेत नाही, असे मालकाने सांगितले. मोठ्या गिऱ्हाइकाला नकार देण्याची ही हिंमत मला आवडली.

कायद्याच्या बाबतीत दुकानाचे धोरण अधिक लवचीक आहे. सार्वजनिक जागा विद्रूप करण्यास मनाई करणारा राज्याचा कायदा १९९५ चा आहे, आणि बेकायदा फलकांबाबत मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये सविस्तर निकाल देऊन झाला, तरी चौकाचौकांतले दृश्य आपण रोज पाहतो. या दुकानाच्या प्रत्येक नमुन्यात उजव्या कोपऱ्यात ‘परवानगी क्र.’ आणि ‘मुदत’ असे दोन शब्द आधीच छापलेले असतात आणि पुढची जागा गिऱ्हाइकासाठी मोकळी सोडलेली असते. बहुतेक फलकांवर ती मोकळीच राहते. विधानसभा-लोकसभेच्या वेळी मात्र चित्र पालटते, कारण १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांचे नाव-पत्ते छापावेच लागतात. तेवढे दिवस दुकानाचे नाव खालच्या कडेला, डोळ्यांत तेल घालून पाहिले तर दिसेल इतक्या बारीक अक्षरांत येते.

वर्षातील सर्वांत मोठा हंगाम निवडणुकीचा नसून गणपतीचा, हे मला येथेच कळले. भाद्रपदाच्या आधी पंधरा दिवस हातखंब्याच्या तिठ्यापासून दोन्ही दिशांना ‘चाकरमान्यांचे सहर्ष स्वागत’ सुरू होते. मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले, आणि तेव्हापासून दर गणपतीला रस्ता पुढच्या गणपतीपर्यंत पूर्ण होईल असे ऐकत ऐकत दहावीची मुले इंजिनिअर झाली. फलकाचे काम मात्र ऑर्डर दिल्यापासून चोवीस तासांत पूर्ण होते आणि पुढच्या बारा तासांत फलक उभा राहतो. आमच्या गावच्या एका वृद्धाने मुलाच्या गाडीतून येताना खड्ड्यागणिक एक स्वागत मोजले म्हणतात. तो आकडा मी येथे देत नाही, कारण त्यात अतिशयोक्ती असण्याचा संभव आहे. मालकाला या विसंगतीविषयी छेडले तेव्हा तो म्हणाला, ‘रस्त्याचं टेंडर माझ्याकडे नाही, स्वागताचं आहे.’ व्यवसायाची मर्यादा इतक्या नेमकेपणाने सांगणारे लोक सार्वजनिक जीवनात थोडे असतात.

तक्रार एकच, पण ती मोठी आहे. फलक छापायला जाण्याच्या दिवशी आमच्या होतकरू पुढाऱ्यांचा माणूस दुकानात येऊन साहेबांचे छायाचित्र देवीपेक्षा लहान दिसते, असे सांगून गेला. आम्ही देवीचे छायाचित्र लहान करण्यास नकार दिला. त्या मुलाने दोघांनाही न दुखावता दोन्ही छायाचित्रे मोठी केली आणि त्यासाठी लागणारी जागा वेळापत्रकातून काढली. परिणामी ज्या कारणासाठी फलक केला ते कारणच इतक्या बारीक अक्षरांत गेले की समोर उभे राहूनही पालखी शनिवारी सकाळी की रविवारी संध्याकाळी हे कळेना. अखेरीस वेळापत्रक पूर्वीप्रमाणे हाताने लिहून देवळाच्या खांबावर चिकटवावे लागले, आणि मुंबईला फोटो गेला तो त्याचाच. छपाईपूर्वी अंतिम नमुना गिऱ्हाइकाला दाखवायला हवा होता. तो पैसे देणाऱ्याला दाखवला गेला. मालकाचे म्हणणे असे की बिल ज्याच्या नावावर तोच गिऱ्हाईक, आणि व्यवहाराच्या दृष्टीने त्यात खोट काढता येत नाही. ज्यांना आपल्या मजकुराची चाड आहे त्यांनी वर्गणी काढून स्वतःच्या नावाने बिल करावे.

टिकाऊपणाविषयी मात्र मी छातीठोकपणे सांगू शकतो. आमच्या लाकडांच्या खोपीवर याच दुकानातला एक जुना फलक २०२३ च्या दिवाळीनंतर घातला होता. त्याने दोन पावसाळे काढले आणि आतले एक ढलपेही भिजले नाही. त्याच सुमारास, ४ डिसेंबर २०२३ रोजी, मालवणला राजकोट किल्ल्यावर शिवरायांचा पुतळा पंतप्रधानांच्या हस्ते उभा राहिला होता, आणि तो २६ ऑगस्ट २०२४ ला, पहिलाच पावसाळा सुरू असताना कोसळला. पुढे तेथे नवा, अधिक भक्कम पुतळा उभारण्यात आला. तरी चौरस फुटाला पंधरा रुपयांचे कापड दोन पावसाळे टिकते, हे कोणीतरी कोठेतरी लिहून ठेवायला हवे होते.

जुन्या फलकांची विक्री ही या दुकानाची सर्वांत उपयुक्त आणि सर्वांत कमी माहिती असलेली सेवा आहे. कार्यक्रम संपल्यावर उतरवलेले फलक मालक माणसे पाठवून गोळा करतो, मागच्या बाजूला घड्या घालून रचतो आणि मे महिन्याच्या अखेरीस, पावसाच्या तोंडावर, वजनावर विकतो. गोठ्याचे छप्पर, पडवीचा आडोसा, लाकडांचा ढीग, वाळत घातलेली आमसुले झाकणे, या साऱ्यांसाठी आसपासच्या गावांतून लोक येतात. निवडताना पक्ष पाहायचा नसतो, रिंगा शाबूत आहेत का आणि चिरा किती आहेत ते पाहायचे. निवडणुकीच्या वर्षी माल भरपूर असतो, भाव उतरतो. वाढदिवसाचे फलक आकाराने लहान, पण कमी दिवस टांगलेले असल्याने कोरे करकरीत मिळतात. छापील बाजू खाली करून घातली तर कापड जास्त टिकते, कारण शाई उन्हाने तडकत नाही आणि वरून पाणी झरझर ओघळते. माझ्या शेजाऱ्याने हा सल्ला मानला आहे, त्यामुळे त्याच्या गोठ्यात दूध काढताना मान वर केली की दोन माजी नगरसेवक आणि एक सहकारमहर्षी हात जोडून खाली पाहत असतात. गाईची तक्रार नाही. दुकान सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत उघडे असते, जुना माल फक्त सकाळी मिळतो, आणि पिशवी आपली आपण न्यावी लागते.